एकच एफपीजीए प्रोजेक्ट विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालवायचा असेल तर

टीममधले काही जण विंडोजवर, बिल्ड सर्व्हर लिनक्सचा आणि बोर्ड तिसऱ्याच मशीनला लावलेला. एफपीजीए म्हणजे आतले सर्किट हवे तसे पुन्हा ठरवता येणारी चिप. तिच्या कामात ही मांडणी नेहमीची आहे. झायलिंक्सचे (आता एएमडीचे) व्हिवाडो, अल्टेराचे क्वार्टस प्राइम, लॅटिसचे रेडियंट, मायक्रोचिपचे लिबेरो ही कोडवरून चिपमध्ये भरायची फाइल (बिटस्ट्रीम) बनवणारी सगळी सॉफ्टवेअर दोन्ही ओएसवर चालतात. त्यामुळे प्रोजेक्टचा फोल्डर कॉपी केला की काम झाले असे वाटते, आणि तिथूनच त्रास सुरू होतो. पाथ तुटतात, आयपी (तयार डिझाइन ब्लॉक) लॉक होतात, बोर्डात डिझाइन भरायची केबल दिसत नाही, लायसन्स मिळत नाही. हे सगळे टाळायचे तर हलवायचा तो फक्त मजकूर: सोर्स, कन्स्ट्रेंट (पिन आणि वेळेच्या अटी) आणि स्क्रिप्ट. बिल्ड जिथे नीट होतो तिथे करावा. केबल जिथे आहे तिथेच राहू द्यावी आणि तिला नेटवर्कवरून गाठावे.

कमांड आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

कोणते काम कुठे

दोन्हीकडे चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठे बिल्ड लिनक्सवर करणे सोयीचे. व्हिवाडो विंडोजवर डीफॉल्ट २ थ्रेड वापरते आणि लिनक्सवर ८. विंडोजवरच बिल्ड करायचा असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट_पॅराम जनरल.मॅक्सथ्रेड्स ८ ही ओळ घाला. प्लेस आणि राउटचा (सर्किट चिपवर मांडून जोडण्याचा) वेळ लगेच कमी झालेला दिसतो. क्वार्टसमध्ये हेच काम क्यूएसएफ फाइलमधली नम_पॅरलल_प्रोसेसर्स ही सेटिंग करते.

काही गोष्टींना पर्यायच नाही. पेटालिनक्स (बोर्डासाठी लिनक्स बनवणारे सॉफ्टवेअर) फक्त लिनक्सवर चालते, आणि तिथेही सिस्टिमचा एसएच हा शेल डॅशऐवजी बॅशकडे वळवलेला हवा. नायोस २ या क्वार्टसमधल्या प्रोसेसरची विंडोजवरची टूलचेन क्वार्टस १९.१ पासून डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सवर) अवलंबून आहे. स्पार्टन-६ या जुन्या चिपवर अजून काम करणाऱ्यांना व्हिवाडोच्या आधीचे आयएसई १४.७ लागते. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. त्याचे विंडोज १० साठीचे पॅकेज म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालणारे लिनक्सच आहे आणि ते फक्त स्पार्टन-६ ला सपोर्ट करते. स्पार्टन-३ किंवा व्हर्टेक्स-५ हवे असेल तर लिनक्सवरचे मूळ १४.७ घ्या. वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवण्याच्या सोयीतून) ही सॉफ्टवेअर चालवण्याच्या नादाला लागू नका. यूएसबी ड्रायव्हरच्या पायरीवर काम अडतेच.

इन्स्टॉल करताना

सगळ्या मशीनवर एकच व्हर्जन ठेवा, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. २०२२.१ आणि २०२२.२ ही व्हिवाडोच्या दृष्टीने वेगळी व्हर्जन आहेत. जुना प्रोजेक्ट नव्यात उघडतो, पण त्यातले आयपी लॉक होतात आणि अपग्रेड मागतात. एकदा नव्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही. म्हणून बिल्ड स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींत व्हर्जन -शॉर्ट या कमांडचे उत्तर तपासा आणि ते ठरलेल्या व्हर्जनशी जुळले नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. एवढ्या चार ओळींनी पुढचा अर्धा दिवस वाचतो.

इन्स्टॉलरमध्ये लागतील तेवढ्याच डिव्हाइस फॅमिली निवडा. व्हिवाडोमध्ये सगळ्या निवडल्या तर डिस्कवर १०० जीबीच्या पुढे जागा जाते. क्वार्टसच्या डिव्हाइस फाइली वेगळ्या येतात, एक्स्टेन्शन क्यूडीझेड. त्या इन्स्टॉलरच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या तर तो आपोआप उचलतो. विंडोजवर इन्स्टॉलचा पाथ छोटा आणि बिनस्पेसचा ठेवा. प्रोग्रॅम फाइल्सच्या आत टाकू नका.

विंडोजच्या युजर नावात रोमनखेरीज देवनागरी किंवा इतर कोणत्याही लिपीतली अक्षरे असतील तर टूल टेम्प फोल्डरपर्यंत पोहोचताना अडखळते, आणि एरर मात्र भलत्याच जागेकडे बोट दाखवते. नवा साधा युजर तयार करणे किंवा टेम्प आणि टीएमपी हे व्हेरिएबल साध्या पाथकडे वळवणे, हे दोन उपाय आहेत. पहिला पक्का.

लिनक्सवर आधी रिलीज नोट्समध्ये दिलेल्या डिस्ट्रोंची यादी बघा आणि त्यातलीच एखादी दीर्घ सपोर्टची आवृत्ती घ्या. नव्या उबंटूवर व्हिवाडोचा इन्स्टॉलर अगदी शेवटी, इन्स्टॉल झालेल्या डिव्हाइसची यादी बनवताना, तासन्‌तास थांबून राहिला तर इंटरनेटला दोष देऊ नका. लिबटिन्फो ५ ही लायब्ररी नसल्याचे ते लक्षण आहे. लिबटिन्फो५ आणि लिबएनकर्सेस५ ही पॅकेजे आधी टाका आणि मग इन्स्टॉलर पुन्हा चालवा. उबंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीत ही पॅकेजे नाहीत. तिथे ६ नंबरच्या लायब्ररीला ५ नावाची सिमलिंक देऊन बहुतेक वेळा भागते, पण ते ठिगळ आहे. ज्या सर्व्हरवर रोजचे बिल्ड चालतात तिथे सपोर्टेड डिस्ट्रोच असावा. जुन्या क्वार्टससोबत येणारे मॉडेलसिम हे सिम्युलेटर ३२ बिटचे आहे. ते उघडत नसेल तर आय३८६ आर्किटेक्चर चालू करून लिबएक्सएफटी२, लिबएक्सएक्स्ट६ आणि लिबएनकर्सेस५ यांची ३२ बिटची पॅकेजे टाका.

व्हिवाडोची सेटिंग्ज६४ ही स्क्रिप्ट बॅशआरसीमध्ये कायमची सोर्स करू नका. ती टूलचे स्वतःचे फोल्डर पाथच्या पुढे आणून ठेवते. मग सिस्टिमच्या सीमेकऐवजी किंवा पायथनऐवजी टूलसोबत आलेली जुनी प्रत चालते आणि एफपीजीएशी काडीचा संबंध नसलेली कामे मोडतात. प्रत्येक टूलसाठी एक छोटी रॅपर स्क्रिप्ट करा. तिच्यात सेटिंग्ज सोर्स करा आणि एलसी_ऑलला ईएन_यूएस.यूटीएफ-८ द्या. दशांश चिन्हासाठी स्वल्पविराम वापरणारा लोकेल असेल तर टायमिंगच्या आकड्यांत गोंधळ होऊ शकतो, तो इथेच टळतो.

प्रोजेक्टची मांडणी

गिटमध्ये जायच्या गोष्टी मोजक्या: आरटीएल (सर्किटचा कोड), टेस्टबेंच (त्याची चाचणी), एक्सडीसी किंवा एसडीसी कन्स्ट्रेंट, आयपीच्या एक्ससीआय फाइली आणि टीसीएल (या सॉफ्टवेअरची स्क्रिप्टची भाषा) स्क्रिप्ट. व्हिवाडोची एक्सपीआर ही प्रोजेक्ट फाइल गिटमध्ये टाकू नका. ती प्रत्येक क्लिकला बदलते, आणि दोघांनी एकाच दिवशी बदलली तर मर्ज करणे म्हणजे डोकेदुखी. प्रोजेक्ट स्क्रिप्टमधून पुन्हा उभा करता आला पाहिजे. राइट_प्रोजेक्ट_टीसीएलने पहिला आराखडा मिळतो, ब्लॉक डिझाइनसाठी राइट_बीडी_टीसीएल आहे. मिळालेली फाइल जशीच्या तशी वापरू नका. तिच्यातले अ‍ॅब्सोल्यूट पाथ शोधून काढा आणि अनावश्यक सेटिंग्ज छाटा. २०२०.२ पासून तयार होणाऱ्या फाइली वेगळ्या जेन फोल्डरमध्ये जातात. तो, रन्सचा आणि कॅशचा फोल्डर गिटइग्नोअरमध्ये. क्वार्टसचे क्यूपीएफ आणि क्यूएसएफ मात्र साधा मजकूर आहेत, ते गिटमध्ये ठेवायला हरकत नाही. डीबी, इन्क्रिमेंटल_डीबी आणि आउटपुट_फाइल्स वगळा.

टीसीएलमध्ये पाथ लिहिताना विंडोजवरही पुढे झुकलेला स्लॅशच वापरा. उलटा स्लॅश हा टीसीएलचा एस्केप आहे. बॅकस्लॅशनंतर एन किंवा टी अक्षराने सुरू होणारा फोल्डर आला की नवी ओळ किंवा टॅब तयार होतो आणि फाइल सापडत नाही. स्क्रिप्ट कुठूनही चालवली तरी चालावी म्हणून इन्फो स्क्रिप्ट या कमांडने तिची स्वतःची जागा काढा, फाइल डिरनेम आणि फाइल नॉर्मलाइझ लावा आणि बाकी सगळे पाथ तिथून मोजा.

ग्लॉब वापरून फाइली गोळा करत असाल तर त्याला एलसॉर्ट लावायला विसरू नका. ग्लॉब फाइली कोणत्या क्रमाने देईल याची हमी नाही. तो क्रम फाइल सिस्टिमप्रमाणे बदलतो. त्यामुळे कंपाइलचा क्रम बदलतो, आणि एका मशीनवर जुळलेले टायमिंग दुसऱ्यावर हुकते. हे कारण सापडायला फार वेळ लागतो, कारण कोडमध्ये काहीच बदललेले नसते.

विंडोजची २६० अक्षरांची पाथमर्यादा व्हिवाडोला सगळ्यात जास्त छळते. ब्लॉक डिझाइनमधल्या इंटरकनेक्टच्या आतल्या फाइलींची नावेच शंभर-सव्वाशे अक्षरांची होतात. रजिस्ट्रीत लांब पाथची परवानगी दिली तरी टूलचा प्रत्येक भाग ती पाळत नाही. म्हणून प्रोजेक्ट सी ड्राइव्हच्या मुळाशी एकदोन अक्षरी फोल्डरमध्ये ठेवा, किंवा सब्स्ट कमांडने त्या फोल्डरला एखादे ड्राइव्ह अक्षर द्या. सब्स्ट रीस्टार्टनंतर टिकत नाही, तेव्हा ती ओळ बिल्डच्या बॅच फाइलमध्येच असू द्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर अनेकदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात. सिंक चालू असताना फाइल लॉक होते आणि रन मध्येच पडतो. अँटिव्हायरसच्या तपासणीतूनही बिल्डचा फोल्डर वगळा. व्हिवाडो हजारो छोट्या फाइली लिहिते आणि प्रत्येक फाइल तपासली जात असेल तर बिल्ड रेंगाळतो.

ओळींच्या शेवटांचा प्रश्न एकदाच मिटवा. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये टीसीएल, एक्सडीसी, व्हेरिलॉग, व्हीएचडीएल आणि शेल स्क्रिप्ट यांना ईओएल बरोबर एलएफ लावा. बॅच फाइलींना तेवढे सीआरएलएफ. शेल स्क्रिप्ट लिनक्सवर बॅड इंटरप्रिटर म्हणून थांबली आणि पुढे कॅरेट एम दिसला तर कारण हेच. विंडोजवरून टाकलेल्या स्क्रिप्टला चालवायची परवानगीही नसते. गिट अपडेट-इंडेक्सला सीएचमॉडचा पर्याय देऊन ती विंडोजवरूनच नोंदवता येते.

अक्षरांच्या लहानमोठेपणाचे वेगळेच आहे. व्हीएचडीएल ते मानत नाही, व्हेरिलॉग मानते. पण फाइलींच्या नावांबाबत विंडोज भाषेची पर्वा न करता सगळे चालवून घेते आणि लिनक्स अजिबात नाही. इन्क्लूडमध्ये लहान अक्षरांत लिहिलेली आणि डिस्कवर मोठ्या अक्षराने सुरू होणारी फाइल विंडोजवर वर्षभर चालते आणि लिनक्सच्या पहिल्याच बिल्डला पडते. सगळी नावे लहान अक्षरांत ठेवा आणि बदल गिट एमव्हीनेच करा. एक्सप्लोररमधून नाव बदलले तर गिटला बऱ्याचदा पत्ताच लागत नाही.

बिल्ड

व्हिवाडो -मोड बॅच -सोर्स आणि पुढे स्क्रिप्टचे नाव, ही कमांड दोन्हीकडे सारखी. क्वार्टससाठी क्वार्टस_एसएच --फ्लो कंपाइल आणि प्रोजेक्टचे नाव. विंडोजवर एक खाच आहे: व्हिवाडो ही तिथे स्वतःच एक बॅच फाइल आहे. आपल्या बॅच फाइलमधून तिला कॉल न लावता बोलावले तर व्हिवाडो संपल्यावर आपली फाइलही तिथेच संपते. पुढच्या ओळी चालतच नाहीत, एररही येत नाही. सेटिंग्ज६४ च्या बॅच फाइलचीही हीच गोष्ट. दोन्हींच्या आधी कॉल लिहा.

बिल्ड पूर्ण झाला म्हणजे यशस्वी झाला असे नाही. लाँच_रन्स आणि वेट_ऑन_रन वापरत असाल तर शेवटी रनची प्रोग्रेस प्रॉपर्टी १००% आहे का ते स्क्रिप्टमध्येच तपासा. शिवाय टायमिंग हुकले तरी व्हिवाडो बिटस्ट्रीम लिहून मोकळी होते. स्टॅट्स.डब्ल्यूएनएस (सगळ्यात वाईट मार्गावर उरलेला वेळ) वाचा आणि ते शून्याच्या खाली असेल तर एक्झिट १ द्या. ही तपासणी नसलेल्या बिल्ड सर्व्हरचा हिरवा दिवा काहीच सांगत नाही.

लॉग मध्येच तुटला, एरर नाही, टर्मिनलवर फक्त किल्ड, असे लिनक्सवर दिसले तर मेमरी संपली आहे. डीमेसेजमध्ये आउट ऑफ मेमरीची ओळ सापडेल. लाँच_रन्सला जॉब्स ४ दिले तर चार वेगळ्या प्रोसेस एकाच वेळी मेमरी मागतात. आधी जॉब्स कमी करा, थ्रेड नंतर.

केबल

लिनक्सवर व्हिवाडोचा इन्स्टॉलर केबल ड्रायव्हर स्वतः टाकत नाही, कारण त्याला रूट लागतो. इन्स्टॉल फोल्डरमध्ये डेटा, एक्सआयकॉम, केबल_ड्रायव्हर्स, लिन६४ असे आत जात इन्स्टॉल_ड्रायव्हर्स ही स्क्रिप्ट गाठा आणि ती सुडोने चालवा. ती ५२ ने सुरू होणारे तीन यूडेव्ह नियम (डिव्हाइसला परवानगी देणारे) ईटीसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स.डी फोल्डरमध्ये ठेवते. त्यानंतर केबल काढून पुन्हा लावा. आधीच लावलेल्या केबलला नवा नियम लागत नाही. क्वार्टसच्या यूएसबी ब्लास्टर केबलसाठी नियम स्वतः लिहावा लागतो: व्हेंडर ०९एफबी, प्रॉडक्ट ६००१, मोड ०६६६, ब्लास्टर २ साठी ६०१० आणि ६८१० हेही घाला. जेटॅगकॉन्फिगने अनएबल टू लॉक चेन, इन्सफिशियंट पोर्ट परमिशन्स असे म्हटले तर नियम नाही किंवा जुन्या परवानगीचा जेटॅगडी अजून चालू आहे. किलऑल जेटॅगडी करा आणि पुन्हा विचारा.

बोर्डाचा सीरियल पोर्ट उघडत नसेल तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. एफटी२२३२एच चिप असलेल्या बहुतेक बोर्डांवर पहिला चॅनेल जेटॅगचा आणि दुसरा सीरियलचा असतो, त्यामुळे हवा असलेला पोर्ट सहसा टीटीवाययूएसबी१ असतो.

विंडोजवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक झॅडिगची, म्हणजे यूएसबी ड्रायव्हर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरची. ओपनएफपीजीएलोडर किंवा ओपनओसीडीसाठी केबलला विनयूएसबी ड्रायव्हर लावला की व्हिवाडोला ती केबल दिसेनाशी होते. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. परत यायचे तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते डिव्हाइस ड्रायव्हरसकट अनइन्स्टॉल करा आणि केबल पुन्हा जोडा. झॅडिग वापरायचेच असेल तर फक्त इंटरफेस ० ला लावा, नाहीतर सीरियल पोर्टही जाईल.

बिल्ड एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे असेल तेव्हा केबल हलवण्यापेक्षा सर्व्हर वापरा. बोर्डाच्या मशीनवर व्हिवाडो लॅब एडिशन टाका. ती लहान आहे आणि तिला लायसन्स लागत नाही. तिथे एचडब्ल्यू_सर्व्हर चालू करा. तो ३१२१ पोर्टवर ऐकतो. दुसऱ्या मशीनवर ओपन_एचडब्ल्यू_मॅनेजर, मग कनेक्ट_एचडब्ल्यू_सर्व्हर -यूआरएल आणि त्या मशीनचे नाव व पोर्ट. कोणत्या बाजूला कोणती ओएस आहे याने फरक पडत नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ३१२१ उघडा. या सर्व्हरला पासवर्ड नाही. पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही बोर्डात काहीही भरू शकतो. ऑफिसबाहेरच्या नेटवर्कवरून जायचे असेल तर एसएसएचच्या बोगद्यातूनच जा. क्वार्टसमध्ये बोर्डाच्या मशीनवर जेटॅगकॉन्फिग --एनेबलरिमोट आणि पासवर्ड, दुसरीकडे --अ‍ॅडसर्व्हर, मशीनचे नाव आणि तोच पासवर्ड. त्याचा पोर्ट १३०९.

आयएलए (चिपच्या आतले सिग्नल बघण्याचा ब्लॉक) वापरत असाल तर बिट फाइलसोबत त्याच बिल्डची प्रोबची एलटीएक्स फाइलही न्या. वेगळ्या बिल्डची नेली तर प्रोब जुळत नाहीत.

व्हर्च्युअल मशीनमध्ये झायलिंक्सची प्लॅटफॉर्म केबल जोडताना ती मध्येच गायब होते, याचे कारण फर्मवेअर भरल्यावर तिचा प्रॉडक्ट नंबर बदलून ०००८ होतो. यूएसबी फिल्टरमध्ये फक्त व्हेंडर ०३एफडी ठेवा, प्रॉडक्टचा रकाना मोकळा सोडा.

डब्ल्यूएसएल २

विंडोज मशीनवर लिनक्सचे बिल्ड हवे असतील तर हा चांगला मार्ग आहे, पण प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. एमएनटीखालच्या सी ड्राइव्हवर ठेवला तर प्रत्येक फाइल दोन ओएसच्या मधल्या पुलावरून जाते आणि छोट्या फाइलींचे काम फार हळू होते. डब्ल्यूएसएलला डीफॉल्ट निम्मीच मेमरी मिळते. विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइल करून मेमरी वाढवा आणि डब्ल्यूएसएल --शटडाउन द्या. त्याची आभासी डिस्क फाइली पुसल्यावर आपोआप आकसत नाही, हेही जागा मोजताना धरा.

केबल आत आणायला यूएसबीआयपीडी आहे: लिस्ट, मग अ‍ॅडमिन म्हणून बाइंड, मग अ‍ॅटॅच --डब्ल्यूएसएल. केबल काढली की अ‍ॅटॅच पुन्हा करावा लागतो. त्यापेक्षा विंडोजवर एचडब्ल्यू_सर्व्हर चालू ठेवून डब्ल्यूएसएलमधून त्याला जोडणे जास्त टिकाऊ. विंडोज ११ च्या २२एच२ पासून नेटवर्किंगमोड मिरर्ड केले तर लोकलहोस्ट चालते; नाहीतर आयपी राउट या कमांडमध्ये दिसणारा डीफॉल्ट गेटवे हाच विंडोजचा पत्ता.

लायसन्स

व्हिवाडो स्टँडर्ड आणि क्वार्टस लाइटला त्यांच्या फुकट डिव्हाइससाठी फाइल लागत नाही. क्वेस्टा या सिम्युलेटरची स्टार्टर आवृत्ती फुकट असली तरी फाइल मागते, आणि ती नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याशी बांधलेली असते. डब्ल्यूएसएलच्या नेहमीच्या नेटवर्कमध्ये मॅक पत्ता दर सुरुवातीला बदलू शकतो, त्यामुळे काल चाललेले लायसन्स आज नाकारले जाते. आयपी लिंक या कमांडने डमी प्रकारचा इंटरफेस तयार करून त्याला ठरावीक पत्ता द्या आणि लायसन्स त्यावर काढा. टीमसाठी फ्लोटिंग सर्व्हर असेल तर पोर्ट, अ‍ॅटचे चिन्ह, मशीनचे नाव एवढेच एक्सआयएलआयएनएक्सडी_लायसन्स_फाइल किंवा एलएम_लायसन्स_फाइल या व्हेरिएबलमध्ये द्या. एकाहून जास्त सर्व्हर असतील तर विंडोजवर मध्ये अर्धविराम आणि लिनक्सवर कोलन. दुसऱ्या ओएसवरून जशीच्या तशी उतरवलेली ओळ इथे हमखास फसते. लिनक्सवर एलएमयुटिल फाइल समोर असूनही सापडत नाही म्हणत असेल तर एलएसबीचा लोडर नाही. एलएसबी-कोर पॅकेज टाका, आणि ते डिस्ट्रोत नसेल तर लोडरची सिमलिंक द्या.

दोन्हीकडचे आउटपुट ताडून बघताना

बिट फाइलच्या हेडरमध्ये तारीख आणि वेळ असते, त्यामुळे एकाच मशीनवर दोनदा केलेल्या बिल्डचे चेकसमही जुळत नाहीत. तुलना करायची तर राइट_बिटस्ट्रीमला बिन_फाइलचा पर्याय देऊन मिळालेल्या बिन फाइलींची करा, आणि यूएसआर_अ‍ॅक्सेसमध्ये टाइमस्टॅम्प भरत असाल तर तो आधी बंद करा. तरीही विंडोज आणि लिनक्सचे निकाल बिट न बिट जुळतील असे धरून चालू नका. बाहेर पाठवायचा बिटस्ट्रीम कायम एकाच ठरलेल्या मशीनवर करा आणि बिट, एलटीएक्स, राउट झालेला डीसीपी (डिझाइनचा चेकपॉइंट), टायमिंग रिपोर्ट आणि गिटचा कमिट नंबर एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवा. बोर्डावर काही वेगळे दिसले तर पहिल्यांदा तोच डीसीपी उघडायचा असतो, आणि तो दोन्ही ओएसवर त्याच व्हर्जनमध्ये उघडतो.